चीनला पायी निघालेले कैदी

मुलांनो, आजच्या गोष्टीतल्या माणसांना त्या काळी सगळे खोखो हसले. कारणही तसेच होते. ही माणसे ऑस्ट्रेलियातून चीनला निघाली होती, आणि तीही पायी! कोणीतरी त्यांना सांगितले होते की उत्तरेला एक मोठी नदी लागते, ती ओलांडली की आलाच चीन. अंतर म्हणे शंभर मैल. आता भिंतीवरच्या नकाशात बघा. सिडनीपासून चीनचा किनारा सात हजार किलोमीटरांहून दूर आहे आणि मधे समुद्रच समुद्र. पण घाई करू नका. हसायचे की नाही ते गोष्ट संपल्यावर ठरवू.

तुम्हाला काळे पाणी माहीत आहे. अंदमानातली कैद्यांची वसाहत १८५८ मध्ये सुरू झाली. त्याच्या सत्तर वर्षे आधी इंग्रजांनी आपल्याच देशातल्या आणि शेजारच्या आयर्लंडमधल्या कैद्यांसाठी असेच एक काळे पाणी उघडले होते. पूर्वी ते कैदी अमेरिकेला पाठवत. अमेरिका स्वतंत्र झाली, ते दार बंद झाले. मग १७८८ मध्ये पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, आज जिथे सिडनी शहर आहे तिथे, कैद्यांची पहिली जहाजे लागली. पुढच्या ऐंशी वर्षांत सुमारे एक लाख साठ हजार माणसे अशी ऑस्ट्रेलियाला नेण्यात आली. गुन्हे काय, तर बरेचदा चोरी. आणि शिक्षा कमीत कमी सात वर्षांची.

आयर्लंडमधून थेट कैदी घेऊन निघालेले पहिले जहाज म्हणजे ‘क्वीन’. १७९१ च्या एप्रिलमध्ये ते कॉर्क बंदरातून सुटले आणि २६ सप्टेंबरला पोर्ट जॅक्सनला, म्हणजे सिडनीच्या खाडीत, पोचले. पाच महिन्यांहून जास्त काळ दीडेकशे माणसे जहाजाच्या तळात कोंडलेली. वाटेत त्यांच्या तोंडचा शिधाही मापात मारला गेला. उतरल्यावर कैद्यांनी तक्रार केली, चौकशी झाली आणि तक्रार खरी निघाली. अशी हडकलेली माणसे सिडनीपासून आत, पॅरामाटाला, झाडे तोडायला आणि जमीन खणायला जुंपली गेली.

आता इथपासून विज्ञान सुरू होते बरे का.

सिडनीच्या आसपासची जमीन मुळात वालुकाश्माची. वाळूचा दगड झिजून झालेली माती, तिच्यात कस कमी. ऑस्ट्रेलियाचा भूभाग फार जुना. आपल्या दख्खनसारखे लाव्ह्याचे काळेभोर थर तिथे सिडनीच्या आसपास नाहीत, की हिमनद्यांनी दळून आणलेला ताजा गाळ नाही. शिवाय १७९१ ला पावसाने दगा दिलेला. इंग्लंडहून आणलेले बियाणे धड उगवेना. सगळी वसाहत जहाजांतून येणाऱ्या पिठावर आणि खारवलेल्या मांसावर जगत होती. जहाजाला उशीर झाला की शिधा आणखी कमी. न्यायाधिकारी डेव्हिड कॉलिन्सने १७९२ च्या मे महिन्यात नोंद केली आहे: ‘क्वीन’वरून आलेल्या १२२ पुरुष कैद्यांपैकी आता पन्नासच जिवंत आहेत. आठ महिनेही झाले नव्हते.

अशा ठिकाणाहून माणूस पळणार नाही तर काय करील?

१ नोव्हेंबर १७९१. पॅरामाटाहून वीस पुरुष आणि एक गरोदर बाई अशी एकवीस आयरिश माणसे जंगलात शिरली. बरोबर आठवड्याचा शिधा, अंथरुणे, कपडे, हत्यारे. दोन-तीन दिवसांतच फाटाफूट झाली. ती बाई चुकून एकटी पडली आणि सगळ्यांत आधी तीच सापडली. एक जण थकून मेला. त्या भागात हजारो वर्षे राहणाऱ्या आदिवासींच्या मुलखात ही टोळी न विचारता घुसली होती. तिथे भाले चालले, काही जखमी झाले, एक जिवाला मुकला. उरलेले भुकेने अर्धमेले होऊन परत आले किंवा पकडून आणले गेले.

वॉटकिन टेंच नावाचा एक अधिकारी त्यांना भेटायला दवाखान्यात गेला. त्याने विचारले, खरेच का रे तुम्हाला वाटले की चीनला पोचाल? ते म्हणाले, हो तर. उत्तरेला दूरवर एक मोठी नदी आहे, ती चीनच्या मागच्या अंगाला लागते. पलीकडे तांबूस वर्णाचे लोक राहतात, ते आम्हाला मायेने वागवतील. टेंचने हे सगळे आपल्या पुस्तकात लिहून ठेवले म्हणून आपल्याला कळते.

बरे, ही चीनची कल्पना त्यांच्या डोक्यात आली कुठून? टेंच ते सांगत नाही, पण एक गोष्ट लक्षात घ्या. सिडनीला कैदी उतरवून रिकामी झालेली कितीतरी जहाजे तिथून चहा भरायला चीनलाच जात. ज्याने कधी नकाशा पाहिला नाही, ज्याला जहाजाच्या पोटातून समुद्रही धड दिसला नाही, त्याने खलाश्यांच्या तोंडी ‘आता पुढचा मुक्काम चीन’ असे ऐकले तर तो काय समजेल? चीन पलीकडेच आहे, असेच ना?

आता दिशेचे बघू. पळणाऱ्या अशाच एका टोळीकडे होकायंत्र होते. होते म्हणजे कसे, तर कागदावर काढलेले! एक गोल, त्याच्यावर उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशा खुणा. सुई नाहीच. बिचाऱ्यांना वाटले, होकायंत्राची जादू त्या आकृतीतच आहे. पण भिंतीवर काढलेल्या दिव्याने खोली उजळते का कधी?

खऱ्या होकायंत्रातली सुई चुंबकाची असते, आणि आपली पृथ्वी हाही एक मोठा चुंबक आहे. तुमच्या पायाखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोल गेलात तर वितळलेल्या लोखंडाचा आणि निकेलचा समुद्र लागेल. तो सतत ढवळत असतो. खालचे तापलेले वर येते, वरचे निवलेले खाली जाते, आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने त्या प्रवाहांना पीळ पडतो. वितळलेले लोखंड विजेचे वाहक. ते असे फिरले की त्यात विजेचे प्रवाह निर्माण होतात आणि त्यातून चुंबकीय क्षेत्र. ते क्षेत्र जमिनीतून, झाडांतून, आपल्यातून आरपार जाते, पण आपल्याला काही कळत नाही. लोखंडाच्या त्या टिचभर सुईला कळते. कागदावरच्या शाईला कुठून कळणार?

कोणी म्हणेल, होकायंत्र नसू दे, सूर्य तर होता! इथेच तर खरी गंमत आहे. आयर्लंडमध्ये बाराही महिने दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो. त्याच्याकडे पाठ केली की समोर उत्तर. बापजाद्यांपासून शेतकरी असेच ओळखत आले. पण सिडनी आहे विषुववृत्ताच्या खाली, ३४ अंश दक्षिणेला. तिथे सूर्य उगवतो पूर्वेलाच, मावळतोही पश्चिमेला, पण दुपारी तो असतो उत्तरेच्या बाजूला! गावाकडच्या सवयीने चालणारा आयरिश माणूस उत्तर समजून नेमका दक्षिणेची वाट धरील. आपल्या महाराष्ट्रात दोन्ही प्रकार बघायला मिळतात. बहुतेक वर्षभर दुपारचा सूर्य आपल्या दक्षिणेला असतो. मेच्या मध्यावर पुण्या-मुंबईत एक दिवस तो बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तो शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत तो किंचित उत्तरेला. पावसाळी ढगांमुळे आपले लक्ष जात नाही इतकेच.

मग रात्री? ध्रुवतारा? तोही नाही. ध्रुवतारा क्षितिजापासून किती उंच दिसतो हे तुम्ही किती अक्षांशावर उभे आहात त्यावर ठरते. कॉर्कला तो ५२ अंश उंच, पुण्यात साडेअठरा अंश, विषुववृत्तावर क्षितिजाला टेकलेला, आणि त्याच्या खाली गेलात की दिसेनासाच होतो. दक्षिणेच्या आकाशात त्याच्या जागी ठळक असा एकही तारा नाही. तिथले जाणकार त्रिशंकूवरून दिशा काढतात. चार ताऱ्यांचा तो क्रूस. त्याची लांब दांडी आहे तशीच पुढे साडेचार पट वाढवायची, जिथे पोचाल तो आकाशाचा दक्षिण ध्रुव, आणि तिथून सरळ खाली क्षितिजावर दक्षिण दिशा. एप्रिल-मेमध्ये रात्री उघड्या माळावर गेलात तर त्रिशंकू आपल्याकडूनही दक्षिण क्षितिजाशी दिसतो. बघा एकदा.

म्हणजे या माणसांचे सूर्य, तारे आणि ऋतू तिन्ही एका प्रवासात उलटे झाले होते. नोव्हेंबरात त्यांच्या गावी थंडी पडत असेल, इथे उन्हाळा चढत होता. जंगल निलगिरीचे. तिथली झाडे पाने गाळण्याऐवजी साली गाळतात, आणि पाने अशी उभी लोंबतात की भर दुपारी सावलीसुद्धा विरळ. ओळखीचे फळ नाही, ओळखीचा कंद नाही. एक वेल मात्र वसाहतवाल्यांना सापडली होती. तिची पाने उकळून ते गोडसर चहा करत. आपल्या सह्याद्रीतल्या घोटवेलीच्याच वंशातली ती. पण नुसत्या चहाने पोट कसे भरणार?

आता गोष्टीला वळण लागते. या एकवीस जणांचे हाल झाले तरी चीनचे वेड थांबले नाही. नव्या जहाजातून नवे आयरिश कैदी येत आणि पुन्हा टोळ्या जंगलात शिरत. १७९८ पर्यंत दंतकथेने रूपही बदलले. नैर्ऋत्येला तीन-चारशे मैलांवर गोऱ्या लोकांची एक वसाहत आहे, तिथे न राबता सगळे सुख मिळते, अशी कुजबुज पसरली. त्या वेळचा गव्हर्नर जॉन हंटर वैतागला. माणसे नुसती मरायची. त्याने एक युक्ती केली. कैद्यांना म्हणाला, तुमच्यातलेच चार धडधाकट गडी निवडा. मी वाटाडे देतो. जा, डोळ्यांनी बघून या आणि बाकीच्यांना सांगा.

वाटाड्यांचा म्होरक्या होता जॉन विल्सन. हाही मूळचा कैदीच, शिक्षा संपल्यावर आदिवासींमध्ये जाऊन राहिलेला. अंगावर कांगारूचे कातडे, छातीखांद्यांवर त्यांच्या रीतीचे व्रण. रानातले जे इंग्रजांना दिसत नसे ते त्याला त्यांनी शिकवले होते. बरोबर गव्हर्नरच्या घरी काम करणारा जॉन प्राइस नावाचा तरुण पोरगा होता. तो रोजनिशी लिहायचा. जानेवारीच्या मध्याला सगळे निघाले. दहा-बारा दिवसांत आयरिश गड्यांपैकी बहुतेकांचे पाय गळाले आणि ते सोबतीला दिलेल्या सैनिकांबरोबर मागे फिरले. विल्सन, प्राइस आणि आणखी एक जण पुढे गेले.

त्या रोजनिशीतली एक तारीख तुम्ही कधी विसरणार नाही: २६ जानेवारी १७९८. त्या दिवशी प्राइसने लिहिले, एक पक्षी मारला, शेपटी थेट मोरासारखी. तो होता लायरबर्ड. त्याच दिवशी त्याने आदिवासी ज्याला ‘कलवाइन’ म्हणतात अशा प्राण्याचा उल्लेख केला. तो कोआला. कोआलाची कागदावरची ही पहिली नोंद. वाटेत निरनिराळ्या जनावरांच्या लेंड्या दिसल्या. त्यांतल्या एका प्रकाराकडे बोट दाखवून विल्सन म्हणाला, हा वोंबॅट. वीसेक इंच उंच, आखूड पायांचा, जाडजूड, बारीक डोळ्यांचा. आदिवासींना हे सगळे प्राणी हजारो वर्षे ठाऊक होते हे विसरू नका. लिहून ठेवायला मात्र चीनच्या वेडातून निघालेली ही मोहीम कामी आली.

आधी त्या लेंड्यांकडेच वळू या. नाक नका मुरडू! वोंबॅटची लेंडी चौकोनी असते. खरेच, फाशासारखी, कोपरे असलेली. जगात दुसऱ्या कुठल्याही प्राण्याची अशी नसते. वोंबॅटला एका रात्रीत अशा शंभराच्या आसपास लेंड्या होतात, आणि तो त्या दगडावर, ओंडक्यावर नेऊन ठेवल्यासारख्या टाकतो, म्हणजे वासावरून इतरांना कळावे की इथे कोण राहते. चौकोनी असल्याने त्या घरंगळत नाहीत. पण गोल आतड्यातून चौकोन निघतो कसा? हे कोडे आता अलीकडे सुटले. वोंबॅटचे आतडे दहाएक मीटर लांब असते, आणि शेवटच्या भागात त्याची भिंत सगळीकडे सारखी नसते. कुठे ताठ, कुठे सैल. ताठ भाग झटकन आकुंचन पावतो, सैल भाग सावकाश. अन्न पचायला माणसापेक्षा कितीतरी जास्त दिवस लागतात, शेवटी मळ अगदी कोरडा होतो, आणि त्या असमान दाबाने हजारो वेळा दाबला जाऊन त्याला कडा येतात. या शोधाला २०१९ मध्ये भौतिकशास्त्राचे इग नोबेल मिळाले. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात. प्राइसने लेंडी पाहिली १७९८ ला, तिचे गणित सुटले सव्वादोनशे वर्षांनी.

कोआलाचे वेगळेच. निलगिरीचे पान म्हणजे तेल, विष आणि चोथा, पोषण जेमतेम. फारशी दुसरी जनावरे त्याला तोंड लावीनात, म्हणून तेच कोआलाने धरले. त्याचे यकृत ते विष निवारते, आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या जवळजवळ दोन मीटर लांबीच्या पिशवीत जिवाणू तो चोथा आंबवतात. मिळणारी ताकद इतकी थोडी की दिवसातले वीसेक तास त्याला झोपून काढावे लागतात. आयरिश कैदी ज्या रानात भुकेने मेले त्याच रानात हा गडी पोटभर खाऊन झोपलेला होता!

आणि आता तो मोराच्या शेपटीचा पक्षी. लायरबर्डचा नर जंगलात पायांनी माती उकरून बुटका ओटा करतो. ओट्यावर उभा राहून शेपटी पाठीवरून पुढे घेतो, इतकी की डोके चंदेरी जाळीखाली झाकून जाते. मग ती थरथरवत गायला लागतो. स्वतःचे थोडे, बाकी सगळे दुसऱ्यांचे. वीसेक जातींच्या पक्ष्यांचे आवाज तो हुबेहूब काढतो. सिडनीच्या टरोंगा प्राणिसंग्रहालयातला एक लायरबर्ड २०२१ मध्ये तान्ह्या बाळासारखा ट्याँहा-ट्याँहा रडू लागला आणि बघ्यांची तारांबळ उडाली. रानातला नर तर याहून लबाड. मादी कंटाळून निघाली की तो भेदरलेल्या पक्ष्यांच्या अख्ख्या थव्याचा कलकलाट एकटा काढतो, जणू जवळपास शत्रू आलाय. मादी घाबरून थबकते. गाणे नसते तेव्हा तो दिवसभर पालापाचोळा उकरत किडे शोधतो. एका हेक्टरात वर्षाला दीडशे टनांहून जास्त माती-पाला तो असा वरखाली करतो.

आता सगळ्यांत मोठे नवल. शास्त्रज्ञांनी जगभरच्या गाणाऱ्या पक्ष्यांचे डीएनए ताडून बघितले, तेव्हा त्यांच्या वंशवृक्षाच्या अगदी बुंध्याशी, सर्वांत जुन्या फांद्यांपैकी एकीवर, लायरबर्ड निघाला. त्यावरून उमगले की गाणाऱ्या पक्ष्यांचे मूळ घर ऑस्ट्रेलियाकडचे. तिथून बेटाबेटांवरून ते आशियात आले आणि जगभर पसरले. आज जगातल्या पक्ष्यांच्या जवळजवळ निम्म्या जाती याच कुळातल्या. आपल्याकडचा दयाळ, बुलबुल, साळुंकी, शिंपी, चिमणी, सगळे त्यांतले. कोकीळ मात्र नाही हं! तो कितीही गोड गायला तरी त्याचे कूळ वेगळे. आणि कर्कश ओरडणारा कावळा? तो गळ्याच्या रचनेने आणि रक्ताने पक्का गाणारा पक्षी!

म्हणजे गंमत बघा. आयरिश माणसांना ज्या वाटेने आशियात जाता आले नाही, त्या वाटेने पाखरे कोट्यवधी वर्षांपूर्वी येऊन गेली होती.

फेब्रुवारीत विल्सन आणि प्राइस परतले ते उंदीर आणि मुळे खाऊन जगलेले, चालता येईना अशा अवस्थेत. सुखाची वसाहत कुठेच नव्हती. रोजनिशी मात्र लंडनला निसर्गअभ्यासक सर जोसेफ बँक्स यांच्या कागदपत्रांत जाऊन पोचली आणि आजही वाचायला मिळते.

आता ठरवा, हसायचे का? त्यांचा चीन खोटा होता, हे खरे. पण १७९८ उजाडले तेव्हा टास्मानिया हे बेट आहे की नाही हे हसणाऱ्या अधिकाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. सिडनीहून दिसणाऱ्या निळ्या डोंगरांपलीकडे काय आहे, हे गोऱ्यांना १८१३ पर्यंत कळले नाही. फरक एवढाच की अधिकाऱ्यांकडे नकाशे आणि होकायंत्रे होती, आणि कैद्यांना यातले काहीच कोणी दिले नव्हते. विचारायला गेले असते तर चाबूक मिळाला असता. माझ्या मते ती माणसे मूर्ख नव्हती. त्यांना अडाणी ठेवले होते, आणि दोष ठेवणाऱ्यांचा. तुम्हाला मात्र नकाशा, होकायंत्र आणि पुस्तके हाताशी आहेत. वर्गात कोणी चुकीचे उत्तर दिले तर हसू नका, त्याला नकाशा उघडून दाखवा.